बदकाची खाज

आमच्यात नवरा गेला की बायकोनं नमद्याच्या तंबूत भिंतीकडे तोंड करून बसायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि पाहुण्याच्या पावलाची चाहूल लागली की कोशोक म्हणायचा. तो कसा होता, घोड्यावर कसा बसायचा, मागे राहिलेलीनं आता काय करायचं, हे सगळं सुरात, यमकात. शब्द जिचे तिनं जुळवायचे. मला शब्द आले नाहीत. सूरही आला नाही. सूर राहू दे, डोळ्यांत टिपूससुद्धा आलं नाही.

मी भिंतीकडे बघत बसले. तंबूच्या भिंतीला विणलेल्या काड्यांची चटई असते, तिच्यावर लोकरीची नक्षी. एका ठिकाणी लाल लोकर संपली होती म्हणून कुणीतरी तपकिरी घातली होती. ते मला आजही डोळे मिटले की दिसतं. त्या दिवसांतलं दुसरं फारसं काही दिसत नाही.

माझी नणंद काल्बू मात्र गायली. तिचा गळा असा की रस्त्यावरचे घोडे थांबावेत. बहीण म्हणून गायली, आणि बायका माझ्याकडे बघत थांबल्या की माझ्या वाटचंही तीच गायची. मग बाहेर जाऊन चहा ओतता ओतता म्हणायची, की आमच्या वहिनीला देवानं घसा दिलाय तो फक्त गिळायला. हे मला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. मला राग यायला हवा होता. तोही आला नाही.

माझा नवरा शार्शेन सरोवरात जाळी काढायला गेला होता. दुपार होती, ऊन होतं, पाणी काचेसारखं. मग पश्चिमेचा वारा उठला. आम्ही त्याला उलान म्हणतो. तो उठला की सरोवराच्या त्या टोकाचं सगळं या टोकाला, आमच्या लव्हाळ्यात आणून टाकतो. होडी आणली, पालथी. जाळ्याची तरंगती बोंडं आणली. शार्शेनला आणलं नाही. म्हातारी माणसं सांगत आली, की हे पाणी माणूस परत देत नाही, खोल आहे आणि गार आहे. मुल्लांनी प्रार्थना म्हटली, पण कबर कुणाची खणणार? तंबूत त्याचा कोट टांगला आणि कोटावर त्याची पांढरी टोपी. एरवी तंबू तीन दिवसांत उतरवतात. सासूनं उतरवू दिला नाही. माती मिळत नाही तोवर तंबू उभा राहील, एवढंच बोलली.

सुनेनं सासरच्या थोरांची नावं घ्यायची नसतात, तेव्हा मी तिला आपाच म्हणेन. आपा तशी कडू बाई नाही. लग्न होऊन मी नारिनच्या डोंगरातून इथं आले तेव्हा मला मासा साफ करता येत नव्हता. पहिल्या दिवशी सगळं अंगण खवल्यांनी भरून टाकलं, तर ती म्हणाली, मैराम, मासा मेलेला होता, मारामारी कशाला केलीस. अशी ती. पण मुलगा गेल्यापासून ती एक काम झालं की दुसरं शोधायची, आणि घरासमोरचा तिचा बाक तिनं उचलून मागच्या अंगाला नेला. तिथून डोंगर दिसतो, पाणी दिसत नाही. सरोवराचं नाव कुणी काढलं तरी उठून आत जायची.

एकदा सकाळी पीठ मळताना, मान वर न करता, तिनं मला सांगितलं:

"चाळिसाव्याला तुझी माणसं येतील. त्या दिवशी तुझ्या तोंडानं तू गा. दोन ओळी म्हण, पण तू म्हण. नाही जमलं तर त्यांच्या गाडीतून माहेरी जा. मी रागावून नाही सांगत. पण माझ्याच्यानं कोरडी बाई घरात बघवत नाही गं."

मी बरं म्हटलं. पाणी आण म्हटल्यावर म्हणते तसंच.

पण मला जायचं नव्हतं. एवढं एकच मला पक्कं माहीत होतं. भूक लागत नव्हती, चहा गार की गरम ते कळत नव्हतं, तळणीतलं तेल मनगटावर उडालं तर त्या फोडाकडे मी दुसऱ्याच कुणाचा हात असावा तशी बघत राहिले. मूलबाळ नव्हतं, दोन वर्षांचा तर संसार. माहेरी भाऊ चांगला होता, भावजय वाईट नव्हती. पण शार्शेन त्या पाण्यात होता आणि मला त्या पाण्याजवळ राहायचं होतं. यापुढे विचार जातच नव्हता, तिथंच अडून राहायचा. आणि राहण्यासाठी रडायचं होतं, ते येत नव्हतं.

चाळीस दिवस विधवेनं उंबऱ्याबाहेर फिरायचं नसतं. पण गाईला कुणीतरी गुराख्याकडे सोडायला हवं, ते सकाळचं काम माझ्याकडे राहिलं. गाय सोडली की मी रस्त्यानं परत यायची नाही, लव्हाळ्यातून यायची. पायातलं काढायचं, झगा गुडघ्यावर खोचायचा, हातात काठी. पोहता येत नाही मला. आमच्या डोंगरात पाणी घोट्याएवढं, आणि एवढं गार की कुणी त्यात उभं राहत नाही. म्हणून जिथवर पाय टेकेल तिथवरच जायची, काठीनं लव्हाळे बाजूला करायची, खाली बघायची. इथं पाणी उथळ असतं आणि उन्हाळ्यात कोमट होतं. गाळ बोटांतून वर येतो. बदकीण पिलं घेऊन समोरून जाते, माझ्याकडे ढुंकून बघत नाही. शंखातल्या गोगलगाई देठांना चिकटलेल्या. मी रोज थोडा तुकडा बघून घ्यायची. सापडला तर माती देता येईल, तंबू उतरवता येईल, असं मनात होतं. सापडल्यावर त्याच्याकडे कसं बघायचं, हे मनात येऊ दिलं नव्हतं.

मग एक दिवस घरी येता येता पाय चुणचुणायला लागले. पाणी कातडीवरच सुकत होतं आणि तिथं कुणी बारीक सुया टोचत होतं. मी लक्ष दिलं नाही. संध्याकाळी पोटऱ्यांवर लाल ठिपके आले, दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुटकुळ्या झाल्या, आणि खाज सुटली. खाज म्हणजे काय ते मला तोवर माहीतच नव्हतं म्हणायचं. डास चावतो ती खाज नव्हे. पीठ मळताना खाज, गाय पिळताना खाज, तंबूत भिंतीकडे तोंड करून बसल्यावर तर नुसती आग. एका पायाची टाच दुसऱ्या पोटरीवर घासायची, मग नखं, मग भांडी घासायचा काथ्या. खाजवताना इतकं बरं वाटायचं की लाज वाटायची. नवरा गेल्यानंतर मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं ते हे. दुःख नाही, आठवण नाही, तर खाज. मी स्वतःला म्हटलं, मैराम, काय नशीबवान बाई आहेस.

रक्त यायला लागलं तेव्हा गाय सोडली आणि तशीच दवाखान्यात गेले. रायकान नावाची नर्स आहे, गावातलीच. तिनं झगा वर करायला लावला आणि विचारलं, पाण्यात गेली होतीस का. मी म्हटलं गाईच्या मागे गेले होते.

"गाय काय पोहायला गेली होती?" रायकान म्हणाली.

पुढे ती खणत बसली नाही. ही बदकाची खाज, म्हणाली. गोगलगाईतून एक किडा निघतो, डोळ्यांना दिसायचा नाही एवढासा. तो बदक शोधत असतो. मधे माणसाचा पाय आला की त्यालाच बदक समजून आत शिरतो, आणि शिरल्यावर त्याला कळतं की घर चुकलं. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही, तिथंच कातडीत मरतो. ही खाज मेलेल्या किड्याची. औषध म्हणशील तर नाही. सोडा कालवून लाव, गार फडकं ठेव, ताक लाव, आणि खाजवू नकोस. खाजवलंस तर पिकेल. इथली माणसं या दिवसांत त्या लव्हाळ्यात पाय घालत नाहीत, आणि घातलाच तर बाहेर येऊन लगेच खसाखसा पुसतात. पाणी अंगावर सुकू द्यायचं नाही.

पिकलेल्या जागांवर तिनं हिरवं औषध लावलं, ठिपका ठिपका करून. पाय असे दिसायला लागले की मला हसू यायला हवं होतं. जाताना म्हणाली, घरी रबरी बूट नाहीत का?

होते. मागच्या ओसरीत खिळ्याला टांगलेले, गुडघ्यापर्यंतचे. त्या दिवशी ऊन होतं म्हणून शार्शेन ते घालून गेला नव्हता. तेव्हापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. झाडताना आपासुद्धा त्यांच्याखालून झाडू वळवून न्यायची.

मी पाण्यात जायचं थांबवलं नाही. फडकं मात्र न्यायला लागले. पुसलं की कमी उठायचं, पण आधीचं होतंच. घरी येऊन सोड्याचा लगदा करायचा, गोठ्यात बसून पोटऱ्यांना थापायचा, सुकला की झटकायचा. सोड्याचा डबा आपाचा, भाकरीसाठीचा. मी चिमटीचिमटीनं घ्यायची आणि डबा ओंजळीओंजळीनं रिकामा व्हायचा. मला वाटलं मीच बेभान होऊन लावतेय. एक दिवस डबा खडखडीत झाला. आता विचारणार, म्हणून मी उत्तर जुळवून ठेवलं, पण आपानं विचारलं नाही. शेजारच्या पोराला सांगून दुकानातून सोड्याचे दोन पुडे मागव म्हणाली, चाळिसाव्याचं तळण आहे. ऑगस्टचं ऊन, आणि तिच्या पायात लोकरीचे जाड मोजे होते. म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजते, त्यात मी काय बघणार? रोज दुपारी सासऱ्यांच्या कबरीवर जाते म्हणून ती निघायची आणि परत आली की दमलेली असायची.

चाळिसावा आला. जेवणासाठी घोडी कापली, तळणाच्या पराती भरल्या, अंगणात चुली पेटल्या. माझा भाऊ गाडी घेऊन आला, बरोबर दोघी काकू. भावानं गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलं होतं. म्हणजे आपानं त्याला आधीच निरोप धाडला होता. मला तंबूत बसवलं. मी भिंतीकडे तोंड केलं, हात कमरेवर ठेवले. माझ्या डोक्याशी त्याचा कोट. मागे बायका येऊन बसल्याचं कळत होतं, मग कुजबूज थांबली. आता सगळ्या थांबल्यात, हे कळलं.

मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. तपकिरी लोकर दिसत होती. मी मनात म्हटलं, नुसतं त्याचं नाव घे, बाकी आपोआप येईल. नावही आलं नाही. आणि त्याच वेळी डाव्या पोटरीला अशी खाज सुटली की दुसरं काही सुचेना. मी कमरेवरचा हात काढला आणि चाळिसाव्याला, सगळ्या गावादेखत, पाय खाजवला.

बाहेरून काल्बूनं सूर लावला. माझ्या वाटचा. संपलं, मी मनाशी म्हटलं. गाडी उभीच आहे.

मोठी काकू मला जवळ घ्यायला वाकली आणि तिला झग्याखालचे पाय दिसले. तिनं झगा आणखी वर केला. नखांचे ओरखडे, खपल्या, सुकलेलं रक्त, हिरवे ठिपके. आमच्या डोंगरात म्हाताऱ्या अजून सांगतात, की पूर्वी नवरा गेला की बायका नखांनी गाल फाडून घ्यायच्या. काकू वळून बायकांना म्हणाली, पोरीनं स्वतःला फाडलंय. चारचौघांत तोंड दाखवायचं म्हणून गाल सोडले आणि पाय फाडले.

मग एकेक बाई येऊन बघून गेली. बाहेरगावच्या होत्या बऱ्याच, सरोवराच्या नव्हत्या. एकीनं माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. एक म्हणाली, गाऊन मोकळं होणं सोपं, ही आतल्या आत जळली. भाऊ दारात आला होता, त्यानं डोक्यावरची टोपी काढली. आता मला कुणी कोरडी म्हणणार नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. मी गप्प राहिले. लाज वाटली का? थोडी वाटली. पण राहायला मिळत होतं.

तेवढ्यात काल्बू तळणाची परात घेऊन आत आली. काय चाललंय बघायला वाकली. ती इथं वाढलेली. तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"हे?" ती म्हणाली. "ही बदकाची खाज आहे. लव्हाळ्यात डुंबलं की होते. रायकानचं हिरवं औषध दिसत नाही का तुम्हाला? माझा भाऊ तळाशी, आणि बाईसाहेब चाळीस दिवसांच्या आत पाण्यात मौज करतायत."

काकूनं माझा झगा हळूच खाली सोडला, जसं काही झाकायचं राहिलं होतं. सगळ्यांनी आपाकडे बघितलं. ती इतका वेळ कोटाच्या पलीकडे बसून होती, पाय झग्याखाली घेऊन.

"पाण्यात का गेली होतीस?" तिनं मला विचारलं.

"शोधायला."

"कुठवर?"

"पाय टेकतो तिथवर. पुढचं मला येत नाही."

आपानं पाय पुढे घेतले आणि लोकरीचा मोजा खाली ओढायला लागली. तो जखमांना चिकटला होता, सोडवायला वेळ लागला. दुसराही काढला. गुडघ्यापर्यंत लाल, खरवडलेले, सुरकुत्यांमधे सोड्याची पांढरी भुकटी. माझ्यापेक्षा वाईट पाय होते. म्हातारी कातडी, लवकर भरून येत नाही.

"मग मीही मौजेलाच गेले होते, काल्बू," ती म्हणाली.

काल्बू परातीसकट खाली बसली. तिला रडू आलं, पण या वेळी त्याला सूर नव्हता, नाकातोंडातून येत होतं, आणि ते थांबवायलाही तिला जमेना. मी तिच्याकडे बघत होते. मला वाटलं आता मलाही येईल. नाही आलं.

जेवणं झाली, प्रार्थना झाली. निघताना भावानं आपाला विचारलं, मैरामला नेऊ का. आपा म्हणाली, तिचे पाय बरे व्हायचेत. भाऊ म्हणाला, पाय तर आमच्याकडेही बरे होतील. आपा म्हणाली, तुमच्याकडे पाणी कुठे आहे. त्यानं फक्त दोघी काकूंना गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाय सोडायला निघाले तर आपा मागच्या ओसरीत उभी. मोजे नाहीत, पाय उघडे, सोडा लावलेले. तिनं विचारलं, मी कुठल्या बाजूला बघते. मी म्हटलं, वाळलेल्या विलोच्या झाडापासून ओढ्याच्या तोंडापर्यंत. ती म्हणाली, मीही तोच तुकडा बघत होते, दुपारचा. इतके दिवस दोघींनी एकच पाणी ढवळलं. मूर्खासारखं.

आणि तिनं खिळ्यावरचे बूट एकदम ओढून काढले.

"घाल. मी काठावर बसते, फडकं घेऊन. ओढ्याच्या पलीकडून सुरू करू."

मी पाय घातला. बोटांना काहीतरी लागलं. हात घालून बाहेर काढलं, तर त्याचा मोजा होता, कोंबलेला, वाळून कडक झालेला. टाचेचा बाक तसाच होता. बोटांशी भोक होतं, ते शिवायला टाक म्हणून मी त्याला सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, बुटाच्या आत कोण बघतंय.

तेव्हा मला रडू आलं. कुठून आलं ते कळलं नाही, पायांतूनच वर आलं असं वाटलं. मी मोजा तोंडावर दाबला आणि ओसरीच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडले. शब्द नव्हते, यमक नव्हतं, त्याचं नाव तेवढं होतं, पुन्हा पुन्हा. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. गाय दावं ओढून स्वतःच निघाली. आपा माझ्याजवळ बसली. तिनं मला जवळ घेतलं नाही, नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मी खाजवायला गेले की तो हात माझं मनगट धरायचा.

बऱ्याच वेळानं माझा आवाज बसला तेव्हा ती म्हणाली, "काल आलं असतं तर ऐकायला माणसं तरी होती."

मग तिनं दुसरा बूट उलटा करून झटकला आणि माझ्यापुढे ठेवला.